नजर ६/६ आहे, तरी पुन्हा डाय अँजिओग्राफी कशासाठी?

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष बागायतदारांनी आपल्या २६ वर्षांच्या धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. वर्षापूर्वी भावाच्या उजव्या डोळ्यापुढे अचानक काळ्या जाळ्या तरंगू लागल्या आणि दोन दिवसांत सगळं धुरकट झालं. डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांना सूज आहे, म्हणजे ‘रेटिनल व्हॅस्क्युलायटिस’ आहे, असं निदान झालं. डाय अँजिओग्राफी (हाताच्या शिरेत रंग टोचून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात ती), स्टेरॉईडच्या गोळ्या, लेझर हे सगळं पार पडलं. आता भाऊ दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचतो आणि स्टेरॉईड १० मिलिग्रॅमवर आलं आहे. तरीही डॉक्टर दोन्ही डोळ्यांची डाय अँजिओग्राफी पुन्हा करा म्हणतात. मागच्या वेळी डाय टोचल्यावर त्याला उलटी झाली होती, अंग पिवळं पडलं होतं, त्यामुळे आई घाबरली आहे. कुणीतरी सांगितलं की आता बिनडायची, नुसत्या उजेडाने होणारी ओसीटी अँजिओग्राफी आली आहे, तीच करून घ्या. मग डाय हवीच का? आणि नजर चांगली असताना पुन्हा फोटो कशाला?

दादा, आधी थेट उत्तर देतो. डाय अँजिओग्राफी करून घ्या, दोन्ही डोळ्यांची करा, आणि गोळी बंद व्हायच्या आधी करा. ओसीटी अँजिओग्राफी जमली तर जोडीला जरूर करा, पण डायच्या ऐवजी नको. मी गेली बावीस वर्षं नाशकात पडद्याचेच पेशंट बघतो. या आजारात तरुण मुलांची नजर जाताना पाहिली आहे, आणि त्यातली बरीच ‘आता तर सगळं नीट दिसतंय’ म्हणत असतानाच जायला लागली होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला पडद्याच्या मधोमध असलेला जेमतेम दीड मिलिमीटरचा खळगा पुरतो. बाकी सगळा पडदा त्या परीक्षेला बसलेलाच नसतो. तुमच्या भावाच्या वयात होणारा हा आजार तर बहुतेक वेळा कडेला सुरू होतो, लांबच्या बारीक शिरांमध्ये. बागेतल्या मधल्या ओळी हिरव्यागार दिसतात म्हणून टोकाच्या वेलींना पाणी पोचतंय असं तुम्ही धरत नाही, तसंच हे आहे. शिवाय पडद्याच्या रक्तवाहिन्यांना शेजाऱ्याचा आधार नसतो. हाताची एखादी शीर बंद झाली तर बाजूची तिचं काम उचलते. पडद्याची शाखा बंद झाली की तिच्या वाटच्या तुकड्याला दुसरीकडून रक्त मिळत नाही. तो तुकडा उपाशी राहतो. पेशंटला मात्र काहीही जाणवत नाही, कारण कडेच्या नजरेतली कमी मेंदू भरून काढतो.

आता सूज म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. पडद्याच्या रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातला अगदी लहान रेणूसुद्धा बाहेर झिरपत नाही. दाह सुरू झाला की हे सांधे सैल होतात. आधी पाणी झिरपतं, मग प्रथिनं, आणि पांढऱ्या पेशी भिंतीभोवती गोळा होतात. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि शेवटी बंद पडते. म्हणजे आधी पाझर, नंतर तुंबणं. हे दोन वेगळे बिघाड आहेत, दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि दोन वेगळे फोटो ते दाखवतात. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

तुमच्या बागेत ठिबक आहे, म्हणून ठिबकच्याच भाषेत सांगतो. खत सोडायच्या व्हेंचुरीतून चिलेटेड फेरसचं लालसर पाणी सोडलं की लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, कुठे चिरली आहे ते तुम्हाला चालता चालता कळतं, कारण माती भलत्याच जागी लाल होते. डाय अँजिओग्राफी म्हणजे हेच. याउलट नळीवर बोट ठेवून आत पाणी धावतंय का एवढं बघितलं, तर नळी चालू की चोक हे कळेल. ती वाटेत गळते आहे का हे कळणार नाही. ओसीटी अँजिओग्राफी म्हणजे ते बोट ठेवणं.

डाय म्हणजे फ्लुरेसिन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी ते १८७१ मध्ये तयार केलं. डोळ्यात वापरण्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्ये, ते नदीत ओतलं गेलं होतं. डॅन्यूब नदीचं पाणी एके ठिकाणी जमिनीत गडप होतं, ते जातं कुठे हे शोधायला जर्मनीत १० किलो फ्लुरेसिन तिथे सोडलं, आणि सुमारे ६० तासांनी दुसऱ्याच खोऱ्यातल्या आख झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. मुरलेलं पाणी कुठे बाहेर पडतं ते दाखवणं हाच या द्रव्याचा मूळ उद्योग. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नोव्हॉटनी आणि अल्व्हिस या वैद्यकाच्या दोन विद्यार्थ्यांनी ते माणसाच्या शिरेत टोचून डोळ्याचे फोटो काढले. पहिला डोळा अल्व्हिसचाच होता. नेत्ररोगाच्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला आणि तो शेवटी १९६१ मध्ये हृदय-रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. त्यानंतर पडद्याच्या आजारांकडे बघण्याची आमची रीतच बदलली.

तपासणीत हाताच्या शिरेतून साधारण ५०० मिलिग्रॅम डाय देतात. १० ते १५ सेकंदांत ती डोळ्यात पोचते. कॅमेरा निळा उजेड टाकतो, डाय हिरवी चमकते. पहिल्या मिनिटात फोटो पटापट काढतात, आणि पुढे पाचव्या व दहाव्या मिनिटाला उशिराचे. हे उशिराचे फोटो अतिशय महत्त्वाचे आहेत. पेशंट कंटाळतो, बाहेर गर्दी असते, आणि पाच मिनिटांवरच आटोपतं घेतलं जातं. सुजेच्या आजारात तसं होऊ देऊ नका, कारण मंद पाझर उशिराच दिसतो.

फोटो हातात आल्यावर काय बघायचं? तुम्ही डॉक्टर नाही, पण बघता येईल इतपत सोपं आहे. एकाच जागेचा सुरुवातीचा आणि शेवटचा फोटो शेजारी शेजारी धरा. शिरेभोवतीचा उजळ पट्टा शेवटच्या फोटोत पसरला असेल आणि कडा पुसट झाल्या असतील, तर तो पाझर, म्हणजे सूज जिवंत आहे. पट्टा उजळ झाला पण आकार तेवढाच राहिला, कडा रेखीव राहिल्या, तर भिंतीने नुसता रंग धरला आहे. तो बहुधा जुना व्रण असतो. शिरा नाहीशा झालेले सपाट काळे तुकडे म्हणजे रक्त न पोचलेला भाग. आणि त्या काळ्या भागाच्या काठावर कापसाचं बोंड उकललं तसं लवकर आणि झपाट्याने पांढरं फुलणारं काही दिसलं, तर ती नव्याने फुटलेली कच्ची शीर. तुमच्या भावाच्या डोळ्यात रक्त उतरलं असेल, तर बहुधा अशाच शिरेतून. कधी कधी मोठ्या शिरा ठीक असतात आणि बारीक केशवाहिन्या मात्र सगळीकडे झिरपतात. मग उशिराच्या फोटोत पावसाळ्यात त्र्यंबकच्या कातळावर उगवणाऱ्या नेच्यांसारखी नक्षी उमटते. बेहसेट नावाच्या आजारात ती खास दिसते. अशा पेशंटचा डोळा नुसत्या तपासणीत मला कितीदा तरी शांत वाटला आहे.

एक चूक सांगतो, ती माझीच. बऱ्याच वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा मुलगा माझ्याकडे होता, वय तुमच्या भावाएवढंच. सहा महिने स्टेरॉईड घेतलं होतं, नजर ६/६, डोळ्याच्या आतल्या जेलमध्ये दाहाच्या पेशी नाहीत, शिरांभोवती फक्त पांढऱ्या रेषा. त्याचं लग्न ठरलं होतं, गोळ्यांनी चेहरा सुजला होता, आणि तो बंद करा म्हणून मागे लागला होता. मी डाय न करता गोळी थांबवली. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा डोळा रक्ताने भरलेला होता. मग डाय केली. ज्या डोळ्याची कधी तक्रारच नव्हती त्याच्याही कडेला काळे पट्टे आणि दोन ठिकाणी नव्या शिरा. लेझर आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला काम करण्याइतपत दिसू लागलं, पण आधीसारखं नाही. तेव्हापासून उशिराचा फोटो बघितल्याशिवाय मी कुणाचंही स्टेरॉईड बंद केलेलं नाही. तुमचे डॉक्टर डाय मागत आहेत ते नेमके याच वळणावर, आणि दोन्ही डोळ्यांची मागत आहेत. म्हणून मला ते योग्य वाटतात.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. मधुमेह होता, त्यात दोन वर्षं स्टेरॉईड चालू, साखर काही केल्या आटोक्यात येईना. शिरांभोवती पांढरी आवरणं दिसत होती म्हणून दर भेटीला डोस पुन्हा वाढायचा. डाय केली तर आवरणं फक्त रंग धरत होती, एक थेंब पाझर नव्हता. आजार कधीचा विझला होता, उरले होते ते व्रण. त्यांचं स्टेरॉईड आम्ही हळूहळू काढून टाकलं. साखर उतरली. माग मात्र त्या पुढे दोनच वर्षं चालवू शकल्या, कारण तोवर स्टेरॉईडमुळे मोतीबिंदू पिकला होता आणि काचबिंदूने एका डोळ्याचा मज्जातंतू खाल्ला होता. फोटो वेळेवर झाला असता तर हे टळलं असतं. म्हणजे ही तपासणी औषध वाढवण्यासाठीच असते असं नाही. नको असलेलं औषध थांबवायलाही तीच आधार देते.

आता ओसीटीबद्दल. साधी ओसीटी १९९१ पासून माहीत आहे. ती उजेडाने पडद्याचा उभा काप दाखवते, काही मायक्रॉनइतका बारीक. सुजेच्या आजारात मधल्या भागात पाणी साठलं आहे का, हे तिच्याइतकं चांगलं दुसरं काहीच दाखवत नाही, आणि अशा जुनाट आजारांत नजर कमी होण्याचं मोठं कारण हे मधलं पाणीच असतं. ती दर भेटीला करावी. टोचणं नाही, त्रास नाही.

ओसीटी अँजिओग्राफी ही तिचीच पुढची पायरी. एकाच जागेचे काप लागोपाठ घेतले की स्थिर गोष्टी तशाच राहतात, धावणाऱ्या रक्तपेशींमुळे मात्र फरक पडतो. त्या फरकावरून यंत्र रक्तवाहिन्यांचं जाळं रेखाटतं. हे सुंदर तंत्र आहे. केशवाहिन्यांचे वरचे आणि खोलचे थर ते वेगवेगळे दाखवतं, जे डायला कधीच जमलं नाही. खोलच्या थरातली जाळी विरळ होऊ लागली की नजर घसरण्याआधी ते टिपतं. मधल्या भागाच्या रक्तपुरवठ्यासाठी मी ती आनंदाने वापरतो.

पण पाझर तिला दिसत नाही. कारण बाहेर झिरपलेलं पाणी धावत नाही, आणि यंत्राला फक्त धावणारं कळतं. दुसरं म्हणजे तिची खिडकी लहान असते. बहुतेक यंत्रांवर ३ बाय ३, ६ बाय ६, फार तर १२ बाय १२ मिलिमीटर. नव्या यंत्रांची खिडकी मोठी झाली आहे, तरी तुमच्या भावाचा आजार जिथे आहे ती लांबची कड सहसा निसटते. तिसरी गोष्ट म्हणजे फसवे काळे डाग. जेलमध्ये जुनं रक्त किंवा धूसरपणा असेल तर त्याची सावली पडते आणि तिथे रक्तच नाही असं वाटतं. प्रवाह फार मंद असला तरी यंत्र तो शून्य धरतं. पाण्याच्या फुगवट्याने केशवाहिन्या बाजूला सरकल्या तरी काळं दिसतं. पेशंटने डोळा हलवला की शिरा तुटक दिसतात. अशा फोटोवरून ‘रक्तपुरवठा बंद’ असा शेरा मिळालेले आणि प्रत्यक्षात काहीच न झालेले पेशंट माझ्याकडे दर महिन्याला येतात. रिपोर्टवर सिग्नलची प्रत किती आहे ते आधी बघावं, मग चित्र.

कड दिसावी यासाठी वाइड फील्ड कॅमेरा मिळाला तर उत्तम. तो एका फोटोत सुमारे २०० अंशांचा पडदा घेतो, म्हणजे जवळपास ८० टक्के पडदा. साधा कॅमेरा ३० ते ५० अंशच घेतो. पण वाइड फील्ड जवळ नाही म्हणून तपासणी अडवून ठेवू नका. साध्या कॅमेऱ्यानेही पेशंटला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि तिरपं बघायला लावून फोटो जोडता येतात. त्यासाठी फोटो काढणारा माणूस चिकाटीचा लागतो. ‘कड न कड घ्या’ असं स्पष्ट सांगा, त्यात संकोच नको.

आणखी एक डाय असते, इंडोसायनिन ग्रीन. ती पडद्यामागच्या थराचे आजार दाखवते. तुमच्या भावाला बहुधा तिची गरज नाही. तिच्यात आयोडीन असतं, फ्लुरेसिनमध्ये नसतं. आयोडीनची अॅलर्जी आहे म्हणून काही ठिकाणी फ्लुरेसिन नाकारतात, तो घोटाळा यातूनच होतो.

तुमच्या प्रश्नात आजाराचं पुढचं नाव नाही. पण तरुण मुलगा, कडेच्या शिरा, अचानक रक्त, एवढ्यावरून ‘ईल्स डिसीज’चा विचार आमच्या मनात आधी येतो. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये त्याचं वर्णन केलं. डोळ्यात वारंवार रक्त उतरणारे तरुण पुरुष त्यांनी पाहिले, पण त्याचं कारण त्यांना बद्धकोष्ठ आणि रक्ताभिसरणातल्या गडबडीत दिसलं. शिरांचा दाह त्यांच्या वर्णनात नाही. तो १८८७ मध्ये वाड्सवर्थ यांनी नोंदवला. इतक्या बारकाईने बघणाऱ्या माणसाच्या नजरेतूनही दाह निसटला, म्हणजे तो किती लपून राहतो बघा. हा आजार भारतात जास्त दिसतो आणि बहुतेकांत आज ना उद्या दुसऱ्या डोळ्यातही सापडतो. तक्रार नसलेल्या डाव्या डोळ्याचेही फोटो लागतात ते यासाठी.

यात टीबीचा संबंध मी कधीच हलक्यात घेत नाही. अशा पेशंटच्या डोळ्यातल्या द्रवात टीबीच्या जंतूंचा डीएनए सापडल्याची नोंद आपल्या देशातल्याच प्रयोगशाळांनी केली आहे. जंतू तिथे प्रत्यक्ष वाढतात की शरीर त्यांच्या अंशांविरुद्ध चवताळतं, यावर अजून वाद आहे. पण टीबीसाठी कातडीवरची मांटू किंवा रक्ताची क्वांटिफेरॉन तपासणी, छातीचा फोटो आणि गरज पडली तर सीटी, सिफिलिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या, हे सगळं स्टेरॉईड सुरू करण्याआधी व्हायला हवं. भावाचं झालं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फाइल काढून बघा. झालं नसेल तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच विचारा. टीबीची औषधं चालू असतील तर त्यातल्या इथॅम्ब्युटॉलमुळे डोळ्याच्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. लाल रंग फिका दिसू लागला तर वाट न बघता दाखवा.

फोटोनंतर उपचार कसे बदलतात तेही समजून घ्या, म्हणजे डॉक्टरांशी बोलायला सोपं जाईल. पाझर असेल तर सूज उतरवायची. स्टेरॉईड एकदम कमी करायचं नाही, आणि फार दिवस लागणार असेल तर मेथोट्रेक्झेट किंवा अॅझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं जोडायची, म्हणजे स्टेरॉईड सुटतं. त्याने जमलं नाही तर अॅडालिमुमॅबची इंजेक्शनं असतात, पण टीबी नाही याची खात्री केल्याशिवाय ती कधीच नाही. पाझर नसेल आणि काळे भाग व नव्या शिरा असतील तर लेझर. उपाशी तुकड्यांवर लेझर मारलं की नव्या शिरा मागवणारा रासायनिक संदेश थांबतो. सूज भडकलेली असताना लेझर केलं तर ती आणखी वाढू शकते, म्हणून आधी सूज, मग लेझर. तुमच्या भावाला लेझर झालं आहे, पण काळा भाग त्यानंतर वाढला का हे फोटोशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

मेथोट्रेक्झेटचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जीव तोडून सांगतो. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. ‘रोज एक’ समजून घेतल्याने माणसं मरणाच्या दारात गेलेली मी पाहिली आहेत. आईला आणि वहिनींना वार ठरवून द्या, कॅलेंडरवर खूण करा. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरल्या दिवशी करा.

आता आईच्या भीतीबद्दल. उलटी होणं ही अॅलर्जी नाही. डाय गेल्यावर अर्ध्या-एक मिनिटात काहींना मळमळतं, क्वचित उलटी होते, आणि ते एक-दोन मिनिटांत ओसरतं. कातडी काही तास पिवळसर राहते, लघवी एक-दीड दिवस नारिंगी होते. ती डाय मूत्रपिंडातून बाहेर पडत असते, कावीळ नव्हे. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही खरी अॅलर्जी. तसं मागच्या वेळी झालं असेल तर पुन्हा टोचून घेऊ नका आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. जीवघेणी प्रतिक्रिया फार दुर्मीळ आहे, पण होऊ शकते. म्हणून ज्या ठिकाणी तपासणी कराल तिथे तातडीची औषधं, ऑक्सिजन आणि ते वापरणारं माणूस खोलीत आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. टोचताना हात जळजळला तर लगेच बोलायला सांगा, कारण डाय शिरेबाहेर गेली तर फार दुखतं. यात क्ष-किरण नसतात. मूत्रपिंडाला इजा करणारी ही डाय नाही. हृदयाच्या अँजिओग्राफीची डाय वेगळी, दोन्हींची नावं सारखी असल्याने भीती उधार आली आहे.

टोचणं अगदीच नको असेल तर डाय पिऊनही घेता येते. रसात मिसळून पितात आणि अर्ध्या तासाने फोटो काढतात. सुरुवातीचे सेकंद हातचे जातात, त्यामुळे रक्त कसं भरत गेलं ते नीट कळत नाही. पण उशिराचा पाझर बऱ्यापैकी दिसतो. लहान मुलांत मी ही पद्धत वापरतो. हा पर्याय डॉक्टरांपुढे ठेवून बघा.

अलीकडे शिरांची जाडी संगणकाने मोजण्याबद्दलही वाचनात येतं. पडद्यात धमनी आणि शीर यांच्या रुंदीचं प्रमाण साधारण २:३ असतं. शरीरात दाह असेल तर शिरा रुंद होतात, हे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासात दिसलं आहे. पुढे याचा उपयोग वाढेल असं मला वाटतं. पण आज एका माणसाचं स्टेरॉईड चालू ठेवायचं की थांबवायचं, हे मी त्या आकड्यावर ठरवणार नाही.

किती वेळा डाय करायची याचा ठरलेला नियम नाही. माझी पद्धत अशी: निदानाला एकदा, मोठा उपचार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी एकदा, आणि औषध थांबवण्याआधी एकदा. मधल्या भेटींत ओसीटी आणि साधे रंगीत फोटो पुरतात. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच कॅमेऱ्यावर करा, नाहीतर तुलना लंगडी पडते. सहा फोटो एका कागदावर छापून देतात, त्यात पाझर कळत नाही. सगळे मूळ फोटो पेनड्राइव्हवर मागून घ्या, प्रत्येक फोटोवर सेकंद-मिनिटांची वेळ असलेले. गेल्या वर्षीचे असतील तर तेही आताच मिळवा. तुमच्या भावाच्या बाबतीत तोच सगळ्यात मोलाचा दस्तऐवज आहे.

आता वेळेचं. सप्टेंबरअखेर गोडी छाटणी सुरू झाली की पुढचे दोन महिने तुम्हा कुणालाच बागेतून पाय काढता येत नाही, हे मला माहीत आहे. दरवर्षी याच काळात निफाड-दिंडोरीचे पेशंट तारीख चुकवतात आणि डिसेंबरात रक्त उतरलेला डोळा घेऊन येतात. म्हणून छाटणीच्या आधीचा एक दिवस काढा. सकाळी हलकं खाऊन दोन-तीन तासांनी तपासणी होईल अशी वेळ घ्या. बाहुली मोठी करतात, त्यामुळे चार-पाच तास उजेड सोसवत नाही आणि जवळचं दिसत नाही. गॉगल घ्या, पाण्याची बाटली घ्या, आणि परतीला मोटारसायकल त्याच्या हातात देऊ नका. फोटो होईपर्यंत १० मिलिग्रॅमची गोळी आहे तशीच चालू राहू द्या. मध्येच डोळ्यापुढे पुन्हा काजळी उतरली, किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर छाटणी मजुरांवर सोडा आणि त्याच दिवशी निघा.